सिलिंडरची सहा घरं

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. शस्त्रांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून महिना झाला नाही, तोवर तुला प्रश्न पडला, की जो येतो तो सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूलच का मागतो आणि रिव्हॉल्व्हर काचेच्या कपाटात का पडून राहतं? प्रश्न चांगला आहे. फक्त त्याचं उत्तर गिऱ्हाइकाला विचारू नकोस. तो म्हणेल, 'गोळ्या जास्त बसतात,' आणि विषय संपेल.

गोळ्या जास्त बसतात हे खरंच आहे. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरला गोळ्यांची बहुधा 6 घरं, खिशात मावणाऱ्या लहान रिव्हॉल्व्हरला 5. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये पसंत केलेल्या ग्लॉक 17 या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, 17. पण घरात संरक्षणासाठी हत्यार ठेवणाऱ्या बहुतेकांवर आयुष्यात एकदाही ते चालवायची वेळ येत नाही. सतराव्या गोळीचा उपयोग मुख्यतः मनाच्या समाधानाला. माझ्या मते खरं कारण बोटात आहे.

दुकान बंद झाल्यावर रिकामं रिव्हॉल्व्हर घे, दोनदा तपास, डमी (बिनदारूची) काडतुसं घाल आणि घोडा, म्हणजे मागचा हातोडा, न चढवता ट्रिगर सावकाश ओढून बघ. एकटं बोट दोन कामं करतंय, सिलिंडर फिरवतंय आणि घोडाही मागे नेतंय. त्याला साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. ओढ लांबलचक असते आणि नेमकी शेवटच्या टप्प्यावर नळीचं टोक हलतं. पिस्तुलात ही मेहनत बोटाला पडत नाही. गोळी सुटल्याच्या धक्क्याने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, येताना नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, ढकलते. पुढच्या गोळीची तयारी स्फोटाच्याच जोरावर होते, म्हणून ट्रिगर अडीच किलोच्या आसपास भागतो. नवशिक्याच्या गोळ्या पिस्तुलाने कागदावर जवळजवळ पडतात, रिव्हॉल्व्हरने विखुरतात. मग तो घेणार काय?

दुसरं कारण जाडी. सिलिंडर गोल, तो कमरेला फुगवटा आणणारच. 5 घरांचं लहान रिव्हॉल्व्हरसुद्धा सव्वा इंचाहून जाड भरतं. 2018 मध्ये आलेलं सिग पी365 हे पिस्तूल साधारण इंचभर जाडीचं आणि त्यात 10 गोळ्या. अंगावर लपवून बाळगणाऱ्याला तो पाव इंच दिवसभर जाणवतो.

आता तू म्हणशील, हे फायदे काल निर्माण झाले का? नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराचं पिस्तूल अमेरिकी सैन्याने 1911 मध्येच स्वीकारलं आणि 1985 पर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. तरी अमेरिकेतला पोलीस मात्र रिव्हॉल्व्हरच लावून फिरत होता. कारण जुनी पिस्तुलं खाण्यापिण्यात नखरेल होती. ती बनलीच होती गोल नाकाच्या, पूर्ण धातूने मढवलेल्या गोळीसाठी. पोकळ टोकाची गोळी दिली की चेंबरच्या उतारावर अडकायची. रिव्हॉल्व्हरला काहीही चालायचं. पुढे पिस्तुलं सुधारली, गोळ्याही सुधारल्या.

त्यात दोन रक्ताळलेले प्रसंग घडले. 1970 मध्ये कॅलिफोर्नियात न्यूहॉल इथे महामार्ग पोलिसांचे चार जण काही मिनिटांत मारले गेले. 1986 च्या एप्रिलमध्ये मायामीत एफबीआयचे दोन जण गेले, पाच जखमी झाले. तिथे बहुतेकांच्या हातात रिव्हॉल्व्हर होतं, आणि जखमी हाताने घरं पुन्हा भरणं म्हणजे काय हे सगळ्यांना कळलं. एफबीआय पिस्तुलाकडे वळली, न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 1993 मध्ये पिस्तुलाला परवानगी दिली. पोलिसाच्या कमरेला जे दिसतं तेच सामान्य माणूस दुकानात मागतो. मग होल्स्टर, मॅगझिन, शिकवणारे उस्ताद, सगळेच त्याच बाजूला झुकतात.

इतकं सांगून तुला पिस्तुलाचा वकील करायचा नाही. काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर परत ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात मॅगझिनला खालून थाप, स्लाइड मागे, सोडून द्यायची. हे घाबरलेल्या हातांना आपोआप जमायला हवं. मनगट ढिलं पडलं तरी स्लाइड अडकू शकते. शिवाय ती खेचायला ताकद लागते. संधिवाताने बोटं वाकलेल्या एका बाईंनी माझ्यासमोर पाच पिस्तुलांच्या स्लाइडशी झटापट केली, कपाळावर घाम आला. शेजारचा विक्रेता सहावं पिस्तूल काढत होता! रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर त्यांनी अंगठ्याने अलगद उघडलं.

आणि एक गोष्ट माझ्याच नावावर आहे. तुझ्याच वयाचा होतो. पिस्तुलाचं मॅगझिन काढून मेजावर ठेवलं आणि मनात म्हटलं, झालं रिकामं. सफाईला घेताना ट्रिगर ओढला. नळी वाळूच्या पेटीकडे होती म्हणून आज हे पत्र लिहितोय. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधलं एक काडतूस आतच राहतं. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडलं की सगळी घरं डोळ्यांसमोर. पिस्तुलात मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे अडकवून चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम प्रत्येक गिऱ्हाइकाला तू स्वतः करून दाखव आणि त्याच्याकडून करवून घे. तो कंटाळला तरी करवून घे.

गिऱ्हाइकाला आधी 'कुठलं हवं' विचारू नकोस. स्लाइड खेचायला दे, मूठ हातात बसते का बघ, महिन्यातून किती वेळा रेंजवर जाणार ते विचार. कधीच जाणार नाही म्हणाला तर कपाटातलं ते 5 घरांचं एकदा बाहेर काढून दाखव.

तेही अधूनमधून पुसत जा. सिलिंडरच्या मागे, रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या तुकड्याखाली धूळ आणि सुकलेलं तेल साचतं, मग सिलिंडर जड फिरतं. दात घासायचा जुना ब्रश पुरतो.

कळावे.
तुझा जुना उस्ताद