ताबा जुना झाला म्हणून जमीन आपली होते का?

मागच्या लेखात लष्करी ताब्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक वेस्ट बँकेबद्दल (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, इस्रायलच्या ताब्यातला पॅलेस्टिनी प्रदेश) आणि काही थेट गोव्याबद्दल. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत.

प्रश्न (पुणे): आपल्याकडे बारा वर्षं विनाहरकत वहिवाट केली की जमिनीवर हक्क सांगता येतो. इस्रायलने १९६७ च्या जूनमध्ये वेस्ट बँक घेतली. साठ वर्षं होत आली, तरी त्याला ‘तात्पुरता ताबा’ कसं म्हणायचं? कायद्यात काही मुदत नाही का?

मुदत नाही. ती घातलेली नाही, हेच शहाणपणाचं आहे. ‘अमुक वर्षांनी ताबा संपला असं समजावं’ अशी तरतूद असती, तर कब्जेदार देश त्या तारखेची वाट पाहत बसला असता. देशादेशांत वहिवाटीचा न्याय चालत नाही. सुरक्षा परिषदेच्या नोव्हेंबर १९६७ च्या २४२ क्रमांकाच्या ठरावाची सुरुवातच युद्धाने भूभाग मिळवणं अमान्य असल्याचं सांगून होते.

खरी पंचाईत वेगळीच आहे. ताब्याचे मूळ नियम १९०७ सालच्या हेग परिषदेतले. तेव्हाच्या मंडळींच्या डोळ्यांसमोरचं चित्र असं होतं: सैन्य आत शिरतं, वर्ष-दोन वर्षं राहतं, तह होतो, सैन्य परत जातं. तेवढ्या काळापुरतं नियम ४३ सांगतो की सुव्यवस्था राखा आणि अगदीच अशक्य झाल्याशिवाय तिथले कायदे बदलू नका. थोड्या काळासाठी हे उत्तमच. पण साठ वर्षं काहीच बदलायचं नाही म्हटलं, तर तीन पिढ्या जुन्या नकाशात अडकतात. आणि बदलायचं म्हटलं, तर ते ठरवणार कोण? ज्याला तिथल्या एकाही माणसाने मत दिलेलं नाही, तो लष्करी अधिकारी.

एक उदाहरण देतो. वेस्ट बँकेचा साधारण साठ टक्के भाग ‘क्षेत्र क’ म्हणून पूर्णपणे इस्रायली नियंत्रणात आहे. तिथल्या पॅलेस्टिनी गावकऱ्याला घरावर एक खोली चढवायची असली, तर परवानगी नाकारताना अनेकदा ब्रिटिश अमदानीतल्या, १९४० च्या दशकातल्या प्रादेशिक आराखड्यांचा आधार घेतला जातो. त्यात ती जमीन शेतीची दाखवलेली आहे. म्हणजे इथे जुना कायदा अगदी इमानेइतबारे पाळला जातो. मात्र १९६७ पर्यंत तिथे अंमल असलेल्या जॉर्डनच्या नियोजन कायद्यात स्थानिक लोकांना जे स्थान होतं, ते १९७१ च्या ४१८ क्रमांकाच्या लष्करी आदेशाने काढून घेतलं. कधी गोठवायचं आणि कधी बदलायचं हे एकाच हातात असलं की असं होतं. दीर्घ ताब्याबद्दलच्या बाकी सगळ्या वादांचं मूळ मला इथेच दिसतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): खासगी जमिनी बळकावणं चूक, हे मान्य. पण पडीक, सरकारी माळरानावर इस्रायलींसाठी वसाहत बांधली तर कुणाचं काय बिघडलं?

‘सरकारी’ हा शिक्का त्या जमिनीवर कसा बसला, ते आधी पाहू.

१९७९ मध्ये वेस्ट बँकेतल्या नाब्लुस शहराजवळच्या रुजैब गावची खासगी जमीन लष्करी आदेशाने ताब्यात घेऊन तिथे एलोन मोरे नावाची वसाहत उभी करायला सुरुवात झाली. कारण दिलं सुरक्षेचं. जमीनमालक इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. लष्करप्रमुख रफाएल एतान यांनी जागा सुरक्षेसाठी हवी असल्याचं सांगितलं. माजी लष्करप्रमुख हाइम बार-लेव्ह यांनी उलट प्रतिज्ञापत्र दिलं. संरक्षणमंत्र्यांनाही एतान यांचं म्हणणं पटलेलं नव्हतं. पण सरकारची बाजू खऱ्या अर्थाने पाडली ती वसाहतवाल्यांनीच. त्यांनी न्यायालयाला सरळ सांगितलं की आम्ही इथे आलो ते देवाने दिलेल्या भूमीवर कायमचं राहायला, सुरक्षेसाठी नव्हे. न्यायालयाने तेच धरलं. लष्करी गरज तात्पुरती असते, कायमची वस्ती तिच्यात बसत नाही. वसाहत हलवायला लागली.

हा विजय जमीनमालकांना फार दिवस पुरला नाही. पुढे सरकारने खासगी जमीन ताब्यात घेण्याचा मार्ग जवळपास सोडला आणि १८५८ चा, तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याच्या काळातला जमीन कायदा बाहेर काढला. त्या कायद्यात ठरावीक काळ न कसलेली जमीन राज्याकडे जाते. डोंगरउतारावरची, खडकाळ, कधी पेरलेली तर कधी शेळ्या चारायला ठेवलेली, कागदावर धड न नोंदलेली जमीन भराभर ‘राज्याची’ ठरली. आपल्याकडे गायरानांचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

आणि जमीन खरोखर सार्वजनिक असली, तरी युद्धात आणि ताब्यात सामान्य नागरिकांना संरक्षण देणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम ४९ आडवं येतं: कब्जेदाराने आपले नागरिक व्याप्त, म्हणजे ताब्यात घेतलेल्या, प्रदेशात नेऊन वसवू नयेत. इस्रायली परराष्ट्र खात्याचे तेव्हाचे कायदा सल्लागार थिओडोर मेरॉन यांनी सप्टेंबर १९६७ मध्येच गोपनीय टिपणात हे सरकारला कळवलं होतं. सरकारला कायदा ठाऊक नव्हता, असं म्हणायला जागाच उरत नाही.

प्रश्न (सांगली): माझा खडी क्रशरचा व्यवसाय आहे. वेस्ट बँकेत इस्रायली कंपन्या दगडखाणी चालवतात आणि त्यांच्या न्यायालयाने त्याला मान्यता दिली, असं वाचलं. स्थानिकांना काम मिळतं, रॉयल्टी तिथल्याच प्रशासनाकडे जाते. मग चूक काय?

हेग नियम ५५ प्रमाणे कब्जेदार हा सार्वजनिक मालमत्तेचा कारभारी असतो. उत्पन्न घ्यावं, मूळ धनाला हात लावू नये. दगड पुन्हा उगवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार?

२०११ च्या निकालात न्यायालयाने तुम्ही दिलेलीच कारणं दिली आणि आणखी एक जोडलं: ताबा इतका लांबला आहे की सगळं जुन्या चौकटीत गोठवून ठेवणं प्रदेशाच्याच हिताचं नाही. वरवर पटण्यासारखं आहे. पण बहुतेक माल जात होता इस्रायलच्या बाजारात. याच न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटलं होतं की लष्करी अधिकाऱ्याने व्याप्त प्रदेशाचा कारभार करताना स्वतःच्या देशाचं आर्थिक हित पाहता कामा नये. ते वाक्य २०११ साली फारच हलकं झालं. ताबा लांबवला कुणी, आणि लांबल्याचा फायदा कुणाला, हे मला त्या निकालात नीट विचारलेलं दिसत नाही.

प्रश्न (म्हापसा, आणि याच आशयाचे लंडनहून एक पत्र): १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात आलं. काही काळ लष्करी गव्हर्नर होता. मग तो ‘ताबा’ नव्हता का? असं विचारलं की लोक अंगावर येतात.

अंगावर येण्याचं कारण नाही. हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयातच लढला गेला आहे.

गोव्यातल्या एका धर्मगुरूंनी भारतीय नागरिकत्व न घेता पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलं. राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला झाला. त्यांचं म्हणणं होतं की गोवा व्याप्त प्रदेश आहे, मी जिनिव्हा कराराने संरक्षित आहे, मला बाहेर काढता येणार नाही. मोंतेरो खटला म्हणून तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. लष्करी ताबा होता हे त्यांनी नाकारलं नाही. पण त्यापाठोपाठ गोवा रीतसर भारतात सामील झाला, पोर्तुगालला तो परत घेणं शक्य उरलं नाही, आणि ताबा तिथेच संपला, असं त्यांनी ठरवलं.

निकाल मला मान्य आहे, त्यामागची कारणं पुरेशी वाटत नाहीत. ‘जिंकलं, सामील केलं, म्हणून ताबा संपला’ एवढंच म्हटलं, तर इस्रायलने जिंकून आपल्या कायद्याखाली आणलेल्या पूर्व जेरुसलेम किंवा गोलान टेकड्यांबद्दलही कुणी तेच म्हणेल. सुरक्षा परिषदेने त्या दोन्ही ठिकाणी ते धुडकावून लावलं आहे. गोव्याची बाजू भक्कम आहे ती दुसऱ्या कारणांनी. गोवा स्वयंशासित नसलेला प्रदेश, म्हणजे परकीय सत्तेची वसाहत आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६० मध्येच ठरावाने सांगितलं होतं. अशी परकीय सत्ता हीच मुळात संपायची गोष्ट होती. आणि लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ काही महिन्यांतच गेले, १९६३ च्या डिसेंबरात गोवेकरांनी आपली विधानसभा निवडली, १९६७ च्या जानेवारीत महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हे मत देऊन ठरवलं. (आमच्या बाजूच्या अनेकांना तो कौल अजून रुचलेला नाही, ती गोष्ट वेगळी.) पोर्तुगीज नागरी कायदाही बऱ्याच अंशी राहिला. वेस्ट बँकेतला पॅलेस्टिनी माणूस आयुष्य ज्या लष्करी आदेशांखाली काढतो, ते आदेश देणारं सरकार निवडायला तो मत देऊ शकत नाही. शेजारच्या वसाहतीतला इस्रायली देऊ शकतो. दोघांनी एकच गुन्हा केला, तर एक लष्करी न्यायालयात जातो, दुसरा नागरी.

प्रश्न (सातारा): माझा मुलगा फौजेत आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला आपण किती दोष द्यायचा? तो हुकूम पाळतो.

इस्रायलच्याच इतिहासात याचं एक उत्तर आहे. २९ ऑक्टोबर १९५६ ला कफर कासिम या गावात संचारबंदीची वेळ अचानक अलीकडे आणली. गाव इस्रायलच्या हद्दीतलं, पण तिथल्या अरब नागरिकांवर तेव्हा लष्करी अंमल होता. शेतावर, कामावर गेलेल्यांना बदल ठाऊकच नव्हता. संध्याकाळी परतताना सीमा पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या. न्यायाधीश हालेव्ही यांनी निकालात लिहिलं की काही हुकमांवर काळा झेंडाच फडकत असतो. ते उघडउघड बेकायदा असतात आणि ‘वरून आदेश होता’ हा बचाव तिथे चालत नाही. शिपाई आणि अधिकारी दोषी ठरले, तरी काही वर्षांतच सगळे सुटले. ब्रिगेडच्या प्रमुखाला शिक्षा झाली ती नाममात्र, दहा प्रुता (तेव्हाची इस्रायली चिल्लर) दंडाची.

पण दीर्घ ताब्यात रोजचं काम असं नसतंच. परवाना तपासणं, रांग थांबवणं, रात्री घराची झडती घेणं. यातल्या कशावरही काळा झेंडा नसतो. म्हणून शिपायाला हुकूम नाकारायची जागा सापडत नाही, आणि म्हणूनच मी त्याच्यापेक्षा त्याला वर्षानुवर्षं तिथे उभं करणाऱ्यांना जास्त जबाबदार धरतो.

प्रश्न (नागपूर, विधी शाखेची विद्यार्थिनी): ताबाच बेकायदा ठरला, तर त्या काळातले जन्मदाखले, विवाह, घरांचे व्यवहार यांचं काय?

दाखले आणि विवाह टिकतात. नामिबियावरच्या १९७१ च्या सल्लागार मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेचा अंमल बेकायदा ठरवला, पण जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी नाकारून सामान्य माणसाला शिक्षा करू नये, असं बजावलं.

घरांचं अवघड आहे. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसचा उत्तर भाग घेतला. किरेनियातली आपली मालमत्ता गमावलेल्या एका बाईंच्या बाजूने युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये खणखणीत निकाल दिला: तुम्हीच मालक. २०१० मध्ये त्याच न्यायालयाचा सूर बदलला. पस्तीसेक वर्षं झाली, त्या घरांत आता दुसरी कुटुंबं राहतात, सरसकट सगळ्यांना बाहेर काढणं बरं नव्हे, आधी तिथल्या मालमत्ता आयोगाकडे दाद मागा. तो आयोग भरपाई, अदलाबदल किंवा क्वचित घर परत देऊ शकतो. मालकी गेलेली नाही, पण घराची किल्लीही मिळत नाही. याउलट १९ जुलै २०२४ च्या मतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलचं व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातलं वास्तव्यच बेकायदा ठरवून वसाहतवाल्यांना हलवायला आणि जमिनी परत करायला सांगितलं. शोधनिबंधाला विषय हवा असेल तर या दोन न्यायालयांमधलं अंतर मोजा.

प्रश्न (ठाणे): २०२४ मध्ये भारताने कोणती बाजू घेतली?

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं ते जुलैचं मत अमलात आणण्यासाठी १८ सप्टेंबर २०२४ ला आमसभेत ठराव आला. १२४ देश बाजूने, १४ विरोधात, ४३ तटस्थ. भारत तटस्थांत होता. जुलैच्या मतात मात्र भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारी बहुमताबरोबर होते. त्यात विसंगती नाही, कारण न्यायाधीश तिथे आपल्या सरकारच्या वतीने बसत नाहीत.