जनरल जॉर्ज मार्शल यांनी युद्धात सैन्याचे प्रत्यक्ष नेतृत्व कधीच केले नाही, मग त्यांना एवढे सन्मान का मिळाले?

आपले निरीक्षण बरोबर आहे; पहिल्या महायुद्धातही मार्शल फ्रान्समध्ये होते ते मोहिमांची आखणी करणारे अधिकारी म्हणून. 1 सप्टेंबर 1939 रोजी, म्हणजे जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले त्याच दिवशी, त्यांनी लष्करप्रमुखपदाची शपथ घेतली. तेव्हा दोन लाखांहूनही लहान असलेले अमेरिकेचे भूदल त्यांच्या कारकिर्दीत 80 लाखांवर गेले. माझ्या मते त्यांच्या सन्मानांचा खरा पाया हाच आहे.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरील नॉर्मंडीच्या स्वारीचे सेनापतिपद त्यांना मिळू शकले असते. डिसेंबर 1943 मध्ये कैरो येथे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांची इच्छा विचारली, परंतु निर्णय अध्यक्षांनीच घ्यावा, एवढेच सांगून त्यांनी स्वतःसाठी शब्द टाकला नाही. मार्शल वॉशिंग्टनबाहेर गेले तर आपल्याला निश्चिंत झोप लागणार नाही, असे म्हणून रूझवेल्ट यांनी जनरल आयझेनहॉवर यांची निवड केली, आणि नॉर्मंडीची कीर्ती अर्थातच त्यांच्या वाट्याला गेली. युद्ध चालू असताना मार्शल यांनी अमेरिकी पदकेही नाकारली. डिसेंबर 1944 मध्ये पाच ताऱ्यांचा सर्वोच्च हुद्दा मात्र त्यांना मिळाला.

पुढे परराष्ट्रमंत्री असताना, 5 जून 1947 रोजी हार्वर्ड विद्यापीठात सन्माननीय पदवी स्वीकारताना केलेल्या भाषणात त्यांनी युरोपच्या पुनर्उभारणीची कल्पना मांडली. तिच्यातूनच सुमारे 13 अब्ज डॉलरची मार्शल योजना आकाराला आली. 1950 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले, त्यासाठी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, खास कायदा करावा लागला, कारण नुकत्याच सेवेत असलेल्या लष्करी अधिकाऱ्याला ते पद देण्यास मनाई होती.

टीकाही झाली. चीनमधील राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांच्यातील यादवी मिटवण्याची त्यांची शिष्टाई फसली होती, आणि 1951 मध्ये कट्टर कम्युनिस्टविरोधी सिनेटर मॅकार्थी यांनी त्याचाही आधार घेऊन त्यांच्या देशनिष्ठेवर आरोप केले. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या प्रचारात आयझेनहॉवर यांनी मार्शल यांची बाजू घेणारा परिच्छेद मिलवॉकीच्या भाषणातून ऐनवेळी गाळला, हे मला आजही खटकते.

1953 चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले व्यावसायिक सैनिक ठरले. सैनिकाला शांततेचा पुरस्कार कसा, या आक्षेपाला त्यांनी ऑस्लो येथील व्याख्यानातच उत्तर दिले: युद्धाची किंमत आपल्यापुढे सतत खातेवहीसारखी मांडलेली असते आणि त्या वहीतले रकाने थडग्यांचे असतात.