भावाला परत कॉलेजला घालायचंय, पण प्राचार्य बाँड मागतायत

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. भाऊ 28 वर्षांचा, स्किझोफ्रेनियामुळे बीएस्सीचं दुसरं वर्ष अर्धवट सुटलं, आता दोन वर्षं गोळ्या नीट चालू आहेत, डॉक्टर म्हणतात शिकू दे, आणि कॉलेज म्हणतंय की "तो कुणाला त्रास देणार नाही, काही झालं तर जबाबदारी घरच्यांची" असं पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्या, मग बघू.

देऊ नका लिहून. बाकी पोरांच्या आईबापांकडून घेतात का असा बाँड? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे आणि त्याच्या कलम 16 मध्ये सरकारी अनुदानावर चालणारं कॉलेज तर आलंच, नुसती मान्यता असलेलंही आलं, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तर स्पष्टच सांगतो की नुसत्या आजाराच्या निदानावरून माणसाला वेडा ठरवता येत नाही, ते फक्त कोर्ट ठरवू शकतं. प्राचार्य तर नाहीच नाही.

पण हे सगळं काउंटरवर भांडून सांगू नका, तिथला क्लार्क "साहेबांना भेटा" म्हणेल आणि साहेब मीटिंगमध्ये असतील. साधा अर्ज करा, प्रवेश मागा आणि नाकारत असाल तर कारण लेखी द्या असं शेवटी लिहा. लेखी नकार द्यायची वेळ आली की निम्मे लोक नरमतात, हा माझा अनुभव. नाही नरमले तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

आता दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचं. "कायमचा शिक्का बसेल" ही तुमची भीती मला कळते, पण त्यात दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के राखीव जागा आणि वयात 5 वर्षं सूट मिळते, ते सोडू नये. टक्के ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासमोर एक गोष्ट मात्र हमखास बिघडते, डॉक्टर विचारतात आंघोळ स्वतः करतो का, लोकांशी बोलतो का, कामधंदा जमतो का, आणि आई लाजेखातर म्हणते "सगळं छान आहे हो". आईला आधी समजावा, वाईट दिवस कसा जातो तेही सांगायचं. आणि 40 च्या खाली आलं तरी हातपाय गाळू नका, लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला लेखनिक द्यायचा निकाल सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये दिलाय, त्यात म्हटलंय की अशा सोयीसाठी 40 टक्क्यांची अट लावता येत नाही.

सोयी मागताना "सहानुभूतीने विचार व्हावा" असलं लिहू नका प्लीज. गोळ्यांनी सकाळी गुंगी असते तर प्रॅक्टिकल दुपारच्या बॅचला द्या, ओपीडीच्या दिवसाची गैरहजेरी धरू नका, पेपरला जादा वेळ द्या, असं नेमकं, आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. जादा वेळ तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्येच लिहिलेला आहे.

जुनं रजिस्ट्रेशन मात्र विद्यापीठाच्या मुदतीत बसत नसेल तर तिथे कायदा आपोआप मदतीला येत नाही, खास बाब म्हणून अर्ज करावा लागेल आणि वेळ जाईल. तोवर नाशिकच्या मुक्त विद्यापीठात चौकशी करून ठेवा, तो काही कमीपणा नाही.

आणि हो, अर्ज तुम्ही लिहून द्या हवं तर, पण सही भावाचीच घ्या. तो सज्ञान आहे, अर्जदार तोच. झेरॉक्सवर इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.