गिझरमधला चुना आणि समुद्राचा तळ

प्रश्न : आमची विहीर अख्खी काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये आहे. आसपास चुनखडक नाही, तरी पाणी तापवलं की भांड्याला पांढरा थर बसतो. बेसॉल्टमध्ये तर कार्बन जवळजवळ नसतो. मग या चुन्यातला कार्बन आला कुठून?
(एक वाचक, जि. जालना)

उत्तर : हवेतून, पण मातीच्या वाटेने. पिकांची मुळं आणि मातीतले जिवाणू श्वास सोडत असतात. त्यामुळे मातीच्या पोकळ्यांत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपटही असतं. झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्यात तो विरघळून सौम्य आम्ल तयार होतं. ते मुरुमात उतरतं आणि पाषाणातली फेल्डस्पार, पायरॉक्सिन ही खनिजं कुरतडतं. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वजनाने सुमारे १० टक्के कॅल्शियम ऑक्साइड असतं. थोडक्यात, कॅल्शियम दिलं खडकाने, कार्बन दिला हवेने, आणि दोन्ही कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात तुमच्या विहिरीत आले.

पाणी तापलं की हे बायकार्बोनेट मोडतं. त्यातला निम्मा कार्बन चुना होऊन भांड्याला किंवा गिझरच्या कॉइलवर बसतो, निम्मा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो.

मात्र शेतात चुनखडीचे खडे निघत असतील तर हिशेब बदलतो. कारण पाणी आधी साठलेला तो चुनाही पुन्हा विरघळवतं. खडा ठेचून त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी. पाषाणाचा ताजा तुकडा फसफसत नाही.

प्रश्न : हा कार्बन गोदावरीतून समुद्रात गेला की कायमचा अडकतो का?

उत्तर : निम्माच अडकतो, आणि कायमचा नाही. समुद्रात शिंपले, प्रवाळ आणि फोरॅमिनिफेरासारखे सूक्ष्मजीव कवच बांधतात, तेव्हा गिझरमधलीच अभिक्रिया घडते. बेसॉल्ट झिजताना हवेतून दोन रेणू घेतले जातात, कवच बनताना एक परत जातो. निव्वळ बचत एकाची. चुनखडक झिजताना एकच रेणू घेतला जातो आणि समुद्रात तोच परत सुटतो, बचत शून्य. ‘खडक झिजला की कार्बन साठतो’ हे विधान म्हणूनच अपुरं आहे, खडक कोणता हे आधी विचारायला हवं.

साधारण ४ ते ५ किलोमीटरच्या खाली समुद्राचं थंड पाणी कवचं विरघळवून टाकतं. त्याहून उथळ तळावर ती गाळात गाडली जातात आणि लाखो-कोट्यवधी वर्षं टिकतात. पुढे भूपट्टासोबत (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यासोबत) पृथ्वीच्या पोटात गेलेला कार्बन ज्वालामुखीतून हवेत परततो.

धरणांचं म्हणाल, तर गाळातला पालापाचोळ्याचा कार्बन तिथे अडतो. बायकार्बोनेट विरघळलेलं असल्याने बहुतांशी पुढे वाहतं.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत हे मोजता येईल का?
(विज्ञान शिक्षक, जि. बुलढाणा)

उत्तर : सहज. गाळलेलं १०० मिलिलिटर पाणी शंकुपात्रात घ्या. मिथिल ऑरेंज या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे २-३ थेंब टाका आणि ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल सोडा. पिवळा रंग नारिंगी होताच थांबा. लाल झाला तर पुढे गेलात. लागलेल्या मिलिलिटरना १२.२ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅम बायकार्बोनेट मिळतं. समजा २५ लागले, तर ३०५ मिलिग्रॅम, आणि त्यात कार्बन ६० मिलिग्रॅम. फिनॉल्फ्थॅलिन या दुसऱ्या दर्शकाने पाणी आधीच गुलाबी होत असेल (लोणार सरोवराचं होईल) तर त्यात कार्बोनेटही आहे, हे सूत्र तिथे चालणार नाही.

बहुतेक चुका आम्ल टाकण्याआधीच होतात. बाटली अर्धी भरली की कार्बन डायऑक्साइड निसटतो, चुना तळाशी बसतो आणि आकडा कमी येतो. म्हणून बाटली काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी मोजा. गढूळ पाणी न गाळता घेतलं तर उलट होतं, चुन्याचे कण आम्ल खातात आणि आकडा फुगतो.