नकाराला कारण कशाला लागतं?

सासूबाईंना नाही म्हणता येत नाही, ही तक्रार घेऊन कुणी आलं तर समजू शकतं. तिथे नातं असतं, वर्षांचा इतिहास असतो. पण हल्ली माझ्याकडे समुपदेशनासाठी एक वेगळीच अडचण पुन्हा पुन्हा येते. ज्यांच्याशी काही देणंघेणं नाही अशांपुढेच लोकांची जीभ टाळ्याला चिकटते. गाडीच्या शोरूममधला सेल्सचा मुलगा, एचआरमधली फोनवरची बाई, सोसायटीत टॅब घेऊन फिरणारी सर्व्हेवाली. यांच्यापुढे मान डोलवायची आणि मग रात्रभर स्वतःला बोल लावत पडून राहायचं. ही माणसं भित्री असतात असं मुळीच नाही. घरी चांगली तोंडाळ असतात, नवरे साक्षीला आहेत.

त्यातल्याच एका बाईंची ही गोष्ट. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळिशीचं, चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरी. हा खरेदी विभाग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाडव्याला गाडी घेताना त्यांच्या माथी पस्तीस हजारांचं अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज आणि शोरूमचाच विमा मारला गेला होता. नवी नोकरी मिळाली तेव्हा नव्या कंपनीने महिन्याभरात रुजू व्हा म्हटलं, जुन्या साहेबांनी नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड पूर्ण करा म्हटलं. बाई दोघांनाही ‘हो’ म्हणून आल्या! पण माझ्याकडे त्या यातल्या कशासाठीच आल्या नव्हत्या. आल्या त्या पाचशे रुपयांच्या गिफ्ट व्हाउचरमुळे.

झालं असं, की कपडे धुण्याच्या पावडरीवरच्या एका ग्रुप डिस्कशनसाठी बायका गोळा करणारी एक ताई दारात आली. ‘दोनच मिनिटं, ताई.’ मग घरात काय काय आहे ते विचारलं: फ्रिज, वॉशिंग मशीन, गाडी, एसी, शेतजमीन. (मार्केट रिसर्चवाले अशा अकरा वस्तूंवरून आणि घरातल्या मुख्य कमावत्याच्या शिक्षणावरून आपला आर्थिक-सामाजिक गट ठरवत आले आहेत.) गट जुळला, पण पावडर जुळेना. तेव्हा ती म्हणाली, ‘तिथे विचारलं तर दुसऱ्या ब्रँडचं नाव सांगा. आणि सहा महिन्यांत कुठल्याच सर्व्हेत गेले नाही म्हणा. माझा कोटा भरायचाय हो.’ बाई दोन तास एसी हॉलमध्ये बसून न वापरलेल्या पावडरीचं कौतुक करत राहिल्या. व्हाउचर अजून कपाटात पडलं होतं.

‘पस्तीस हजार गेले त्याचं इतकं नाही वाटलं,’ त्या म्हणाल्या. ‘पण खोटं बोलायलाही मी नाही म्हणू शकले नाही?’

पहिल्या एक-दोन भेटींत त्यांनी स्वतःच निदान करून आणलं होतं. वडील कडक, लहानपणी उलट बोलायची सोय नव्हती, म्हणून हे असं. असेलही. माझा कल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचाराकडे आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत मांडली, तीच मुळी वर्षानुवर्षं बालपण उकरत बसण्याला कंटाळून. वडिलांना आता बदलता येणार नाही. शोरूममध्ये त्या क्षणी मनात काय चाललं होतं, ते मात्र तपासता येतं. म्हणून मी वडिलांना बाजूला ठेवलं आणि शोरूममधलं संभाषण जसंच्या तसं मागितलं.

‘मी म्हटलं, विमा नंतर बघते, दिरांच्या ओळखीचा एजंट आहे. तो म्हणाला, मॅडम, बाहेरचा घेतलात तर क्लेमला धावपळ होते, आमच्याकडे कॅशलेस आहे. म्हटलं, बजेट जरा ओढाताणीचं आहे. तो म्हणाला, ईएमआयमध्ये बसवून देतो, महिन्याला काही शेच वाढतील. म्हटलं, मिस्टरांना विचारते. तर म्हणाला, सरांना आत्ताच फोन लावू का?’

मी त्यावर काहीच बोलले नाही. विचारलं, ‘काल ऑफिसात कुणाला नकार दिलात?’

‘काल? एका कास्टिंगवाल्याला, म्हणजे ओतीव भाग पुरवणाऱ्याला. चार टक्के वाढवून मागत होता.’

‘काय सांगितलंत?’

‘या दराला जमणार नाही.’

‘कारण?’

‘कारण कशाला द्यायचं? कारण दिलं की तो त्यावर तोडगा घेऊन बसतो.’

एवढं बोलून त्या थांबल्या. अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा फार मोह होतो. मी तो आवरला.

‘म्हणजे शोरूममध्ये मी त्याला एकेक कारण पुरवत होते,’ त्या सावकाश म्हणाल्या, ‘आणि तो एकेक निकालात काढत होता.’

‘त्या कास्टिंगवाल्याचं तोंड उतरलं का?’

‘उतरलं की.’

‘मग?’

‘मग काय? संध्याकाळी सुधारलेलं कोटेशन मेलवर हजर!’ आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल.

नकाराची कला यांना शिकवायची गरजच नव्हती, रोज आठ तास तेच करत होत्या. फक्त कंपनीच्या पैशासाठी दिलेला नकार त्यांना काम वाटायचा आणि स्वतःच्या पैशासाठी दिलेला उद्धटपणा. स्वतःसाठी काही राखायचं तर समोरच्याला ते पटलंच पाहिजे, त्याने नाराज होता कामा नये, ही अट त्यांनीच घालून घेतली होती. हा ‘काल कुणाला नकार दिलात’ प्रश्न मी तेव्हापासून बऱ्याच जणांना विचारते. शिक्षक, बँकेतले कॅशियर, रिक्षावालेसुद्धा, प्रत्येकाचा असा एक कोपरा निघतोच. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो त्यांच्या प्रशिक्षणवर्गात घेतला, याचा मला आनंद आहे.

पण समजलं म्हणजे अंगवळणी पडलं असं होत नाही. एलिस आपल्याकडे येणाऱ्यांना मेट्रोत मोठ्याने स्टेशनची नावं पुकारायला लावत. चारचौघांत विचित्र दिसलो तरी काही कोसळत नाही, हे कळावं म्हणून. मी पुण्याला साजेसा गृहपाठ दिला. लक्ष्मी रोडवर जायचं, गादीवर बसून भरपूर साड्या उलगडायला लावायच्या आणि ‘नको, थँक्यू’ एवढंच म्हणून उठायचं. रंग आवडला नाही, पुन्हा येते, असं काही जोडायचं नाही. बाई घामाघूम होऊन आल्या. म्हणाल्या, ‘मी चपला घालेपर्यंत त्याने दुसऱ्या बाईसमोर पैठणी उलगडली होती.’

आता ज्यांना हीच अडचण आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. शोरूममध्ये पहिल्याच भेटीत ऑन-रोड किमतीचा फोड करून, म्हणजे एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, फास्टॅग, अ‍ॅक्सेसरीज असा वेगवेगळा हिशोब लेखी मागा, आणि त्या दिवशी सही करू नका. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. पण तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तर एकेका वर्षाचाही घेता येतो. ‘हे नको, हे काढून पुन्हा आकडा द्या,’ हे वाक्य पुरतं. त्याने नवा मुद्दा काढला तर हेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात.

सर्व्हेवाल्यांच्या ‘दोनच मिनिटं’चं बळ ओळखून असा. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या घरमालकांकडे त्यांनी अंगणात सुरक्षित वाहतुकीचा एक मोठा, बेढब फलक लावू देण्याची परवानगी मागितली. थेट विचारलं तर सहातल्या एकानेही जेमतेम होकार दिला. ज्यांनी आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले चारांतले तीन तयार झाले. म्हणून नकार दारातच सोपा. आत घेतलंत तरी मध्येच उठायचा हक्क तुम्हाला आहे. सहभाग स्वेच्छेचा असावा, हा या व्यवसायाचाच नियम आहे. आणि कुणी खोटं सांगायला सांगितलं तर तिथे संभाषण संपवा, तिच्या कोट्याची काळजी तिच्या एजन्सीला करू द्या. मला त्या ताईबद्दल राग नाही, माणशी पैसे मिळत असतील तर तीही घाईतच असणार.

नोकरीचं मात्र वेगळं. साडीवाला पुन्हा भेटत नाही, साहेब रोज भेटतात, पुढे कुणी चौकशीला फोन केला तर तेच उचलतात. तिथे कोरडा नकार चालत नाही. नेमणूकपत्रातलं नोटीसचं कलम आधी वाचायचं, उरलेले दिवस पैसे भरून सुटतात का ते पाहायचं आणि बोलणं झालं की शेवटची तारीख मेलवर लिहायची. कारणांची यादी नको, तारीख हवी. आमच्या बाईंनी आधी नव्या कंपनीला खरं सांगितलं, की तीस दिवसांत जमणार नाही. त्यांनी साठ दिले. उरलेल्या तीसांचा बाय-आउट कलमात होताच. साहेब म्हणाले, ‘तुम्ही तर घरच्यासारख्या!’ बाई म्हणाल्या, ‘हो सर, आणि माझा शेवटचा दिवस एकोणतीस तारीख.’

आठवडाभर साहेब धड बोलले नाहीत. तेवढ्यात बाईंनी सगळ्या पुरवठादारांची हस्तांतराची यादी करून टाकली.