सर्जाला वासोट्याला न्यायचंय, जमेल का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी विट्याजवळच्या गावचा. आमच्याकडं सर्जा नावाचा कारवानी कुत्रा आहे, तीन वर्षांचा, पळायला एक नंबर. आजोबा लहानपणी वासोट्याच्या गोष्टी सांगायचे, ताई तेलीण, किर्र जंगल, वाघाचा गड, तेव्हापासून डोक्यात बसलंय की तिथले पडके वाडे एकदा बघायचेच आणि आता सर्जाला बरोबर घेऊनच. मित्र म्हणतो बोटवाल्याशी बोललं की होतं काम. खरंच होतं का? आणि कुत्र्याची काय काळजी घ्यायची? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: दादा, वासोट्याला तुम्ही जरूर जा, पण सर्जाला घरी ठेवून. बोटवाल्याशी बोलून हे होण्यासारखं नाहीये आणि करूही नका. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, 1985 पासूनचं अभयारण्य, आणि कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालाय. तिथं माणसांनासुद्धा वनखात्याची परवानगी काढूनच जावं लागतं आणि पाळीव प्राणी नेता येत नाही.

नियम आहे म्हणून सांगत नाहीये, त्यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच्या अंगावरच्या गोचिडी, विष्ठा, लाळ यातून रोग रानात जाऊ शकतात. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग आपण पिल्लांना लस देऊन टाळतो, पण रानातल्या जनावरांना कोण लस देणार? 2018 साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह काही आठवड्यांत मेले त्यात हाच विषाणू सापडला होता. कोयनेच्या रानात कोळसुंदे आहेत, म्हणजे रानकुत्रे, ते तर सर्जाचे भाऊबंदच, त्याचा रोग त्यांना सहज लागेल. उलट बाजूनं बघितलं तर बिबट्याला कुत्रा म्हणजे आयती शिकार. कारवानी ससा दिसला की सुटतो हे तुम्हाला मी काय सांगायचं, त्या झाडीत एकदा सुटला की हाका मारूनही सापडायचा नाही.

तुमच्या आजोबांच्या गोष्टी मात्र खऱ्या आहेत. शिवाजी महाराजांनी या गडाला व्याघ्रगड नाव दिलं. पुढं पेशवाईच्या अखेरीस ताई तेलिणीनं हा गड लढवला आणि बापू गोखल्यांसारख्या सेनापतीला कित्येक महिने दाद दिली नाही. 1818 मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब पेशव्यांनी इथंच ठेवलं होतं, इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या तेव्हा गड पडला. आज वर बिनछताचं मारुतीचं देऊळ, वाड्याचे चौथरे, चुन्याचा घाणा, पाण्याची टाकी आणि महादेवाचं देऊळ एवढंच उरलंय. बामणोलीहून बोटीनं शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, ओलांडून मेट इंदवलीला उतरायचं, मग झाडीतून चढायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, मुक्कामाला परवानगी नसते, पावसाळ्यात बंद असतं, म्हणून थंडीत जा. सर्जाला बामणोलीत कुठंतरी बांधून वर जाऊ असंही मनात आणू नका, अनोळखी जागी दिवसभर बांधलेला कुत्रा घाबरून पट्टा तोडतो.

मग सर्जाबरोबर कुठं? झाडी आणि पडका गड दोन्ही पाहिजे असेल तर माझं मत कमळगड. वाईच्या पुढं धोम धरणाच्या पाण्यामागं, नांदगणे किंवा वासोळे गावातून वाट आहे, वर जाताना गोरखनाथाचं मंदिर लागतं आणि पुढं चांगलं दाट रान. तटबुरूज जवळजवळ काहीच नाहीत, पण वर गेरूची विहीर आहे ती बघण्यासारखी, खडक खोल चिरून काढलेली, पायऱ्या उतरत गेलं की दोन्ही भिंती ओलसर तांबड्या, हात लावला तर बोटं लाल होतात. तिथं सर्जाला खाली नेऊ नका, पायऱ्या निसरड्या असतात, आणि विहिरीच्या काठावर पट्टा आखूड धरा. जायच्या आधी गावात आणि वनरक्षकाला एकदा विचारून घ्या.

पहिल्यांदाच डोंगर चढणार असेल तर त्याआधी तुमच्या तालुक्यातलाच भूपाळगड करा, बाणूरचा. फिरंगोजी नरसाळा किल्लेदार असताना 1679 मध्ये मुघल सरदार दिलेरखानानं घेतलेला तो हाच गड. बहिर्जी नाईकांची समाधीही तिथंच. रान नाहीये, उघडा माळ आहे, पण सर्जाला चढ, दगड आणि परक्या गावातली कुत्री याची सवय होईल. तिथंही पट्टा सोडू नका, शेळ्या-मेंढ्या चरत असतात.

काळजीचं म्हणाल तर पाणी सगळ्यात आधी. कारवानी काटक असला तरी कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो, म्हणून पहाटे निघा आणि ऊन चढायच्या आत खाली या. जाड चिकट लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या असं दिसलं तर लगेच सावलीत घ्या, पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावा आणि डॉक्टर गाठा. गडावरच्या टाक्यात त्याला उतरवू नका, ते पाणी ट्रेकर आणि गुराखी पितात, आणि साठलेल्या पाण्यातून कुत्र्याला लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाची, भीती असते. त्याचं पाणी आणि वाडगं आपल्या पाठीवर घ्या. आग्या मोहोळ दिसलं तर लांबूनच मागं फिरा.

घरी आल्यावर त्याला आडवं पाडून नीट तपासा, कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बेचक्यात, गोचीड तिथं मसुराएवढी बसते आणि केसांत दिसत नाही. चिमट्यानं कातडीला लागून धरायची आणि सरळ ओढायची, रॉकेल किंवा काडी लावायची नाही. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत खाणं सोडलं, ताप आला, नाकातून रक्त आलं तर रक्त तपासून घ्या. निघायच्या आधी रेबीजची आणि डिस्टेंपर-लेप्टोची लस झालीय ना एवढं कार्डवर बघा.

प्रश्न: आणि प्रचितगड, सागरेश्वर? तिथं तरी कुत्रा चालतो का? – एक वाचक, शिराळा

उत्तर: नाही. प्रचितगड चांदोलीच्या रानात येतो आणि सागरेश्वर स्वतःच अभयारण्य आहे, दोन्हीकडं कुत्रा न्यायचा नाही.