महात्मा फुले जनआरोग्य योजनेत सर्वात आधी कोणती सुधारणा व्हायला हवी?

विमाकवच दीड लाखावरून 5 लाखांवर गेलं, हे चांगलंच झालं. पण माझ्या मते आता रक्कम वाढवण्यापेक्षा रोजची औषधं आणि बाह्यरुग्ण तपासणी योजनेत आणा. 2012 मध्ये 8 जिल्ह्यांत 'राजीव गांधी जीवनदायी' नावाने सुरू झाली तेव्हापासून योजनेचा सगळा भर रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णावर आहे. हृदयाची शस्त्रक्रिया मोफत होते, पण ती वेळ येऊ नये म्हणून घ्यायची रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यात संपली, की खिशातूनच.

माझ्या मावशीचं डायलिसिस योजनेतूनच झालं, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण त्याआधी कित्येक वर्षं ती गोळी सुरीने अर्धी करायची, पट्टी महिनाभर पुरावी म्हणून. मूत्रपिंडं त्याच काळात खराब होत गेली.

दुसरं म्हणजे रुग्णालयांचे दावे वेळेत चुकते करा. पैसे अडकले की खासगी रुग्णालयं योजनेच्या रुग्णाला "बेड शिल्लक नाही" सांगू लागतात. आणि रेशनकार्ड-आधारवरच्या नावातला एका वेलांटीचा फरक जागेवरच मिटवण्याचा अधिकार आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, द्या. पेशंट स्ट्रेचरवर असताना नातेवाईक तहसीलला कशाला पळवायचे?